रोज रात्री दरवळणारी बाग: संध्याकाळी उमलणारी हंगामी फुले समजून घेताना

पावसाळा सुरू झाला की दरवर्षी एक छायाचित्र हमखास पाहायला मिळते. कुणाच्या तरी गॅलरीत रात्री ब्रह्मकमळ उमललेले असते, शेजारीपाजारी ते पाहायला जमलेले असतात, कुणी कुंडीला हळदकुंकू वाहिलेले असते, आणि सकाळ होईपर्यंत त्या फुलाने मान टाकलेली असते. (आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो तो मूळचा मेक्सिकोकडचा निवडुंग आहे, हिमालयातले ब्रह्मकमळ ही सूर्यफुलाच्या कुळातली अगदी वेगळी वनस्पती आहे.) त्या कौतुकाच्या पाठोपाठ एक प्रश्नही ठरलेला असतो: वर्षातून एकदोन रात्री फुलणाऱ्या झाडाऐवजी रोज रात्री फुलणारे, वास देणारे आणि बी पेरल्यावर त्याच हंगामात फुलावर येणारे काही कुंडीत लावता येणार नाही का?

असे झाड लावता येते, आणि तेही फारसा खर्च न करता. तरीही हौसेने लावणाऱ्यांपैकी बरेच जण पुढे निराश होतात. रोप जोमाने वाढते पण कळी धरत नाही, फूल येते पण त्याला वास नसतो, किंवा वास असतो पण तो फक्त फुलाला नाक लावल्यावर येतो. माझ्या अनुभवात या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच असते. हा सुगंध झाडाने कुणासाठी, कधी आणि कशाच्या बळावर तयार केला आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. तेवढे समजले की कुंडी कुठे ठेवायची, पाणी कधी घालायचे आणि गॅलरीतला दिवा का मालवायचा, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

हंगामी म्हणजे काय, आणि रातराणीच का नको?

बी रुजल्यापासून फुले येऊन पुन्हा बी धरेपर्यंतचा सगळा जीवनक्रम एका वर्षाच्या आत, बहुधा चारसहा महिन्यांत, पुरा करणाऱ्या झाडाला हंगामी फुलझाड म्हणतात. झेंडू आणि ॲस्टर ही त्याची नेहमीची उदाहरणे. रात्रीच्या सुगंधाची आपल्या तोंडी असलेली बहुतेक नावे मात्र या व्याख्येत बसत नाहीत. रातराणी हे झुडूप आहे, पारिजातक हे झाड आहे, जुई आणि मोगरा वर्षानुवर्षे टिकतात आणि निशिगंध कंदापासून लावतात.

रातराणी उत्तमच आहे. पण ती बघता बघता पुरुषभर उंच होते, तिला जमीन किंवा फार मोठी कुंडी लागते, आणि भाड्याच्या घरातून निघताना ती मागे ठेवून जावे लागते. हंगामी फुलांना दहाबारा इंचांची कुंडी पुरते, आणि एखादे फूल मनासारखे निघाले नाही तर पुढच्या हंगामात दुसरे लावता येते. या लेखात पाच फुलांचा विचार केला आहे: गुलबक्षी, मूनफ्लॉवर (काही जण हिला गुलचांदणी म्हणतात), शोभेची तंबाखू, पेटुनिया आणि नाइट सेंटेड स्टॉक. यांतली गुलबक्षी जमिनीखाली कंदासारखे जाड मूळ धरून वर्षानुवर्षे जगते आणि मूनफ्लॉवरचा वेलही उष्ण हवेत एकापेक्षा जास्त वर्षे टिकतो. तथापि दोन्ही पहिल्याच हंगामात बियांपासून फुलतात, म्हणून घरगुती बागेत त्यांना हंगामी धरायला हरकत नाही.

फूल रात्रीच का उमलते?

संध्याकाळी रस्त्याच्या कडेला लागणारी भजी-वड्यांची गाडी आठवून पाहा. गाडीवाला सकाळी सात वाजता कढई तापवत नाही, कारण तेल आणि गॅस दोन्ही महाग आहेत आणि त्याचे गिऱ्हाईक पाचनंतर येते. दुपारभर तो बटाटे उकडतो, चटणी वाटतो, पीठ भिजवतो. आणि गिऱ्हाईक वाटेवर येण्याच्या सुमारास कढईत पहिला घाणा सोडतो. पुढचे काम तो वासच करतो.

रात्री फुलणाऱ्या झाडाचे गिऱ्हाईक म्हणजे पतंग, संक्रांतीत उडवायचे नव्हेत तर रात्री दिव्याभोवती फिरणारे. त्यांतही हॉकमॉथ नावाचे मोठे, वेगवान पतंग महत्त्वाचे. ते फुलावर बसत नाहीत. समोर हवेत स्थिर राहून लांब सोंड नळीत घालतात आणि मध शोषतात, आणि त्या ओघात एका फुलाचे पराग दुसऱ्यापर्यंत नेतात. अंधारात लाल किंवा जांभळा रंग उठून दिसत नाही, म्हणून अशी फुले बहुधा पांढरी किंवा फिकट असतात. दुरून दिशा दाखवायला वास तीव्र असतो. आणि सोंड लांब असल्यामुळे फुलाची नळीही लांब असते. मूनफ्लॉवरची नळी दहा सेंटीमीटरच्या आसपास भरते. आपल्याकडे रताळ्याच्या वेलावर वाढणाऱ्या एका हॉकमॉथची सोंडही साधारण तेवढीच लांब असते.

नळी आणि सोंड यांचे हे नाते किती नेमके असते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. मादागास्करमधल्या एका पांढऱ्या ऑर्किडची मधाची नळी जवळजवळ ३० सेंटीमीटर लांब असल्याचे पाहून चार्ल्स डार्विनने १८६२ मध्ये लिहिले, की एवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे. तसा पतंग त्याने पाहिलेला नव्हता. १९०३ मध्ये, डार्विनच्या मृत्यूनंतर दोन दशकांनी, त्या पतंगाचे वर्णन प्रसिद्ध झाले.

झाडाला वेळ कळते कशी?

फ्रान्समध्ये दे मेराँ या शास्त्रज्ञाने १७२९ मध्ये लाजाळूचे रोप पूर्ण अंधारात ठेवले. ऊन दिसत नसतानाही त्याची पाने ठरल्या वेळी उघडत आणि मिटत राहिली. म्हणजे झाड केवळ उजेड-अंधाराला प्रतिसाद देत नाही, त्याच्या पेशींत स्वतःची वेळ मोजण्याची सोय असते. तिला जैविक घड्याळ म्हणतात. बाहेरचा उजेड आणि तापमान हे घड्याळ रोज थोडे मागेपुढे करून सूर्याशी जुळवून ठेवतात.

सुगंधही याच घड्याळावर चालतो. पेटुनियावर अमेरिकेत झालेले आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन इथे फार उपयोगी आहे. पेटुनियातला एक जनुक सकाळी जोरात काम करतो आणि वास तयार करणाऱ्या इतर जनुकांना दाबून ठेवतो. दिवस कलतो तसा त्याचा जोर ओसरतो, आणि संध्याकाळी वासाचा कारखाना सुरू होतो. संशोधकांनी तो जनुक दिवसभर चालू राहील असा बदल केला, तेव्हा फुलाचा वासच गेला. त्याचा जोर कमी केला, तेव्हा वास नेहमीच्या वेळेआधी येऊ लागला. दुकानाचे शटर सकाळी ओढून घेणारा आणि संध्याकाळी सोडणारा एक माणूस असावा, तसे हे आहे.

म्हणून दुपारी बारा वाजता रोपवाटिकेत जाऊन फुलाला नाक लावले आणि वास आला नाही, तर तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. नाइट सेंटेड स्टॉकचे तर दिवसा रूपच असे असते, की पाणी कमी पडून रोप सुकले आहे असे वाटावे. बारीक पाने, मुडपलेल्या मळकट जांभळ्या पाकळ्या. संध्याकाळी सातच्या सुमारास त्याच पाकळ्या ताठ होतात आणि त्या चिमूटभर फुलांचा वास गॅलरीभर पसरतो.

वास म्हणजे नेमके काय?

देवघरात कापराची वडी उघडी राहिली तर ती हळूहळू लहान होत नाहीशी होते. घनाचे पाणी न होता ती थेट हवेत उडते आणि आपल्याला तिचा वास येतो. सहज वाफ होऊन हवेत मिसळणाऱ्या अशा पदार्थांना बाष्पनशील पदार्थ म्हणतात. फुलाचा सुगंध म्हणजे अशाच अनेक पदार्थांचे मिश्रण. पेटुनियाच्या वासात लवंगेच्या वासाशी नाते सांगणारा घटक असतो, तर गुलबक्षीच्या वासात ओसिमीन नावाच्या घटकाचा मोठा वाटा असतो.

यातून घरच्या बागेसाठी दोन महत्त्वाच्या गोष्टी निघतात. पहिली अशी, की हे पदार्थ झाड दिवसा उन्हात तयार केलेल्या साखरेपासून बनवते. भज्यांच्या गाडीची दुपारची तयारी ती हीच. म्हणून 'रात्री फुलणारे झाड आहे, सावलीत चालेल' हा समज चुकीचा आहे. रोज किमान पाचसहा तास ऊन मिळाले नाही तर फुले थोडी येतात आणि वासही फिका राहतो. दुसरी गोष्ट हवेची. संध्याकाळी वारा पडतो, जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, आणि वास वर उडून न जाता अंगणात रेंगाळतो. मात्र हवा फार थंड झाली तर वाफ होण्याचा वेगच मंदावतो. म्हणूनच दिवसभर तापून संध्याकाळी ऊब सोडणारी पश्चिमेकडची भिंत ही हिवाळ्यात अशा कुंड्यांसाठी फार चांगली जागा आहे.

मग विकत आणलेल्या पेटुनियाला वास का येत नाही?

ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, आणि मीही ती केली आहे. एका रोपवाटिकेतून 'सुगंधी' म्हणून आणलेली सहा रोपे संपूर्ण हिवाळाभर फुलली, गडद गुलाबी आणि दुरंगी, भरभरून. पण रात्री दहा वाजतासुद्धा त्यांना कसलाही वास आला नाही.

कारण वंशावळीत आहे. आजची बागेतली पेटुनिया ही दक्षिण अमेरिकेतल्या दोन रानटी प्रकारांच्या संकरातून आली आहे. एक पांढरा, रात्री वास देणारा आणि पतंगांसाठी फुलणारा; दुसरा जांभळा, दिवसा मधमाश्यांसाठी फुलणारा आणि जवळजवळ बिनवासाचा. संकर करणाऱ्यांनी पुढे निवड केली ती रंगाची, फुलाच्या आकाराची आणि बुटक्या, भरगच्च वाढीची, कारण गिऱ्हाईक रोप विकत घेते ते दिवसा, डोळ्यांनी पाहून. ज्या गुणाची कुणी निवड केली नाही तो पिढ्यान्पिढ्या निसटत गेला. शोभेच्या तंबाखूचेही हेच झाले. दिवसाही फुले उघडी राहतील असे बुटके, रंगीत वाण निघाले आणि त्यांतल्या अनेकांचा वास जवळजवळ गेला.

म्हणून खरेदी करताना साधा नियम पाळावा: पांढरे, एकेरी पाकळ्यांचे, उंच वाढणारे जुने वाण निवडावेत. पेटुनियात पांढऱ्याखालोखाल काही गडद जांभळ्या वाणांनाही चांगला वास असतो, पण खात्री पांढऱ्याची. तंबाखूत 'निकोटियाना अलाटा' किंवा 'निकोटियाना सिल्व्हेस्ट्रिस' हे नाव पाकिटावर शोधावे. दुसरा प्रकार छातीइतका उंच होतो आणि त्याच्या शेंड्यावर लांब नळ्यांच्या पांढऱ्या फुलांचा झुबका लोंबतो.

गुलबक्षी: सर्वांत सोपी सुरुवात

गुलबक्षी मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातली, पण आपल्याकडे ती इतकी रुळली आहे की साडीच्या एका रंगाला आपण तिचे नाव दिले आहे. कोकणात मोरीच्या सांडपाण्यावर, विहिरीच्या कडेला ती कुणी न लावताही उगवते. तिच्या लांब नळ्या एकमेकींत गुंफून दोऱ्याशिवाय वेणी करण्याचा खेळ अनेकींनी लहानपणी खेळलेला असेल.

दुपारी चारनंतर तिची फुले उघडू लागतात. आभाळ भरून आले असेल तर थोडी आधी उघडतात आणि दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत टिकतात. एकाच झाडावर पिवळी, गुलबक्षी आणि दोन्ही रंगांच्या पट्ट्यांची फुले येऊ शकतात. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आनुवंशिकतेचे महत्त्वाचे नियम याच झाडावर तपासले. विशेष म्हणजे तिला पाकळ्याच नाहीत. आपण जिला पाकळी समजतो तो रंगीत झालेला निदलपुंज, म्हणजे फुलाचे बाहेरचे आवरण आहे.

मिऱ्यासारखे काळे बी रात्रभर पाण्यात भिजवून फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा पहिल्या पावसानंतर एक सेंटीमीटर खोल पेरावे. एकदोन आठवड्यांत रोप वर येते आणि दोन-अडीच महिन्यांत फुलते. बारा इंचांची कुंडी, साधी माती, बेताचे खत एवढे पुरते. खताचा अतिरेक केला तर झाड पानांनी माजते. वासासाठी पांढरी किंवा पिवळी गुलबक्षी मिळवावी. ओळखीच्या अंगणातून मूठभर बी मागून आणणे हा सर्वांत चांगला मार्ग.

मूनफ्लॉवर: डोळ्यांदेखत उमलणारे फूल

हा रताळ्याच्या आणि गणेशवेलीच्या जवळच्या नात्यातला वेल. फूल पांढरेशुभ्र, हाताच्या पंजाएवढे. प्राचीन मध्य अमेरिकेत याच वेलाचा रस एका झाडाच्या चिकात मिसळून खेळायचे रबरी चेंडू बनवत, असे जुन्या नोंदींतून आणि प्रयोगांतून दिसते.

याचे बी गारगोटीसारखे कठीण असते आणि तसेच पेरले तर महिनाभर मातीत पडून राहते. नेलकटरने टोकाच्या विरुद्ध बाजूला आतला पांढुरका गर जेमतेम दिसेल इतका टवका काढावा, किंवा ती बाजू खरखरीत कागदावर घासावी, आणि मग बी रात्रभर कोमट पाण्यात ठेवावे. सकाळी फुगलेले बी पेरले की आठदहा दिवसांत दोन शिंगांसारखी फाटलेली मोठी पाने वर येतात. चौदा इंचांची कुंडी आणि आठदहा फूट उंचीपर्यंत सुतळीचा आधार द्यावा.

आता कळी न धरण्याची तक्रार. मी पहिल्या वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास बी पेरले. जूनपर्यंत वेलाने ग्रिल झाकून टाकले, पण ऑगस्ट अर्धा उलटला तरी कळी नाही. मूनफ्लॉवर दिवस लहान आणि रात्री मोठ्या होऊ लागल्या की कळ्या धरते. पुण्यात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. त्या उताराला लागल्यावरच वेलाला फुलण्याची सूचना मिळते. माझ्या वेलाचे पहिले फूल ऑगस्टच्या अखेरीस आले, आणि तेही गॅलरीतल्या दिव्यापासून सर्वांत दूर असलेल्या फांदीवर. दिव्याकडच्या फांद्या त्यानंतर जवळजवळ तीन आठवड्यांनी फुलल्या. तेव्हापासून मी बी पावसाळ्याच्या तोंडाला पेरतो आणि अंधार पडल्यावर तो दिवा लावत नाही.

कोजागिरीच्या सुमारास बहर भरात असतो. संध्याकाळी साडेसहाला कळी मिटलेल्या छत्रीसारखी पीळ घालून उभी असते, पिळाच्या कडा हिरवट. मग तिचा पीळ अगदी किंचित सैल होतो, कळी थरथरते, थांबते. पुन्हा थरथरते. आणि एका क्षणी सगळ्या घड्या एकदम सुटून पांढरी तबकडी उघडते, तिच्यावर पाच टोकांच्या चांदणीसारख्या फिकट हिरव्या रेषा. हे सगळे दोनतीन मिनिटांत होते. घरात मुले असतील तर त्यांना त्या वेळी नक्की जवळ बसवावे.

हिवाळ्यातली तिघे

तंबाखू, पेटुनिया आणि स्टॉक यांना आपल्याकडचा हिवाळा मानवतो. देशावर आणि विदर्भात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये बी पेरावे, म्हणजे डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत फुले मिळतात. कोकणात आणि गोव्यात हवा दमट आणि उबदार असल्यामुळे स्टॉक बहुधा रेंगाळते. तिथे गुलबक्षी आणि मूनफ्लॉवरवरच भर द्यावा.

तंबाखूचे आणि पेटुनियाचे बी धुळीसारखे बारीक असते, आणि त्याला रुजायला उजेड लागतो. त्यामुळे ते मातीत गाडणे ही सर्वांत मोठी चूक ठरते. चिमूटभर बी चमचाभर बारीक वाळूत मिसळून ओलसर कोकोपीट-गांडूळखताच्या मिश्रणावर भुरभुरावे, वरून माती टाकू नये, आणि वरून पाणी घालण्याऐवजी ट्रे पाण्यात ठेवून खालून ओलावा चढू द्यावा. दहापंधरा दिवसांत हिरवी मोहरी सांडल्यासारखी रोपे दिसतात. चार पानांवर आली की ती वेगवेगळी लावावीत. पेटुनियाचा शेंडा एकदा खुडला की ती पसरते. तंबाखूची पाने चिकट असतात आणि बारीक किडे त्यांना चिकटून मरतात. तो रोग समजून औषध मारू नये.

स्टॉकची मुळे हलवलेली सोसत नाहीत, म्हणून तिचे बी थेट पसरट कुंडीत दाट पेरावे. ही फुले एकेकटी नगण्य दिसतात. कुंडीत पुढे रंगीत फुले आणि मागे स्टॉक, अशी जोडी चांगली दिसते.

कुंडी, पाणी, वारा आणि दिवा

माती दोन भाग, शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट एक भाग, आणि मूठभर निंबोळी पेंड हे मिश्रण पाचही फुलांना चालते. युरियासारखे नत्राचे खत वारंवार दिले तर पाने वाढतात आणि फुले रोडावतात. पाणी दुपारी चारच्या सुमारास, बुडाशी घालावे. पेशींत पाणी भरलेले असेल तरच पाकळ्या पूर्ण ताठ उघडतात; आणि पाने रात्रभर ओली राहिली तर बुरशी धरते.

बसायची जागा आधी ठरवावी आणि संध्याकाळचा वारा जिकडून येतो त्या बाजूला कुंड्या ठेवाव्यात. उदबत्तीचा धूर धरून पाहिला की वाऱ्याची दिशा लगेच कळते. कठड्यावर, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर ठेवलेली एक कुंडी जमिनीवरच्या तीन कुंड्यांचे काम करते.

दिव्याचा प्रश्न कळीपुरता नाही. स्वित्झर्लंडमधल्या कुरणांत रात्री दिवे लावून केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दिव्याखालच्या फुलांना रात्री येणाऱ्या कीटकांच्या भेटी ६२ टक्क्यांनी घटल्या, आणि अभ्यासलेल्या एका वनस्पतीची फळधारणा १३ टक्क्यांनी कमी झाली, दिवसा मधमाश्या येत असूनही. गॅलरीत दिवा हवाच असेल तर तो मंद, पिवळसर आणि खाली तोंड केलेला असावा.

शहरात वास दूरवर का जात नाही?

'आमच्या गावच्या घरी हाच वास फाटकापर्यंत यायचा' असे अनेक जण सांगतात. त्यात आठवणीचा गोडवा असेल, पण रसायनशास्त्रही आहे. वाहनांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि हवेतला ओझोन यांच्या संयोगातून नायट्रेट रॅडिकल नावाचा अतिशय क्रियाशील घटक तयार होतो. सूर्यप्रकाशात तो लगेच मोडतो, पण रात्री साचत जातो, म्हणजे नेमका रात्रीच्या फुलांच्या वेळेस. २०२४ च्या फेब्रुवारीत 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अमेरिकेतल्या एका रात्री फुलणाऱ्या रानफुलाचा सुगंध या घटकामुळे कसा बिघडतो हे दाखवले आहे. वासातले काही घटक नष्ट झाल्यामुळे हॉकमॉथला ते फूल ओळखूच येईना, आणि उघड्या मैदानावरच्या प्रयोगात पतंगांच्या भेटी ७० टक्क्यांनी कमी झाल्या.

घरगुती बागेत याचा अर्थ एवढाच घ्यावा, की रहदारीच्या रस्त्याकडच्या गॅलरीपेक्षा आतल्या बाजूची गॅलरी किंवा गच्ची निवडावी, आणि एकाच जातीची चारपाच झाडे जवळजवळ ठेवावीत. मला या संशोधनाने अधिक अस्वस्थ केले ते वेगळ्या कारणाने: आपल्याला वास कमी येतो ही गैरसोय आहे, पतंगाला वास कमी येतो तेव्हा तो उपाशी राहतो.

नेहमीच्या शंका

वासाने साप येतात का? रातराणी आणि केवड्याबद्दल ही समजूत घरोघरी आहे. साप फुलाच्या वासामागे जात नाही. त्याचे अन्न उंदीर, बेडूक, पाली हे आहे, आणि त्याला लपायला दाट आडोसा लागतो. जमिनीवर दाट माजलेले कोणतेही झुडूप, सुगंधी असो वा नसो, असा आडोसा देते. म्हणून गुलबक्षीचे बूड मोकळे ठेवावे, पालापाचोळ्याचे आणि विटांचे ढीग साचू देऊ नयेत, आणि रात्री बागेत बॅटरी घेऊन जावे.

रात्री झाडे कार्बन डायऑक्साइड सोडतात, मग शेजारी झोपणे घातक नाही का? झाड सोडते हे खरे, पण त्याच खोलीत झोपलेला दुसरा माणूस कुंडीतल्या झाडांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त सोडतो. खरी काळजी वेगळी आहे. तीव्र वासाने काहींचे डोके दुखते, दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. घरात असे कुणी असेल तर कुंडी झोपायच्या खोलीच्या खिडकीपासून लांब ठेवावी.

विषारीपणाची शंका मात्र पूर्णपणे रास्त आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. गुलबक्षीचे बी आणि मूळ विषारी आहे, आणि बी मिऱ्यासारखे दिसत असल्यामुळे लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नये. शोभेच्या तंबाखूच्या सर्व भागांत निकोटिन असते. मूनफ्लॉवरचे बी खाऊ नये. पांढरा धोतराही रात्री उमलतो आणि त्याला वासही असतो, पण त्याचे विष जीवघेणे आहे. महादेवाला वाहायची फुले बाहेरून आणावीत, लहान मुले किंवा पाळीव जनावरे असलेल्या घरात तो लावू नये. या पाचांत पेटुनिया सर्वांत निर्धोक.

शेवटची शंका अळ्यांची. मूनफ्लॉवरच्या पानांवर कधीकधी बोटाएवढी जाड, शेपटीकडे शिंगासारखा काटा असलेली अळी दिसते आणि दोन दिवसांत निम्मी पाने फस्त करते. ती चावत नाही, डंख करत नाही. बहुधा ती हॉकमॉथचीच अळी असते, म्हणजे ज्या पाहुण्यासाठी हे फूल उमलते त्याचेच पोर. तिच्यावर कीटकनाशक मारले तर तो पाहुणा येणार कुठून? वेल जोमात असेल तर पाने परत फुटतात. मी एक जास्तीची कुंडी गच्चीच्या कोपऱ्यात ठेवतो आणि अळी दिसली की पानासकट उचलून तिकडे नेतो.

पुढच्या हंगामाचे बी

गुलबक्षीचे बी काळे होऊन आपोआप गळते. सकाळी कुंडीखाली सांडलेले वेचावे. मूनफ्लॉवरची बोंडे देठासकट तपकिरी होईपर्यंत वेलावरच ठेवावीत, घाई केली तर आतले बी पांढरे आणि निकामी निघते. तंबाखूच्या एका बोंडातून शेकडो बिया पडतात, म्हणून ते फुटण्याआधी कागदाची पिशवी बांधून ठेवावी. संकरित पेटुनियाचे बी धरू नये, कारण त्यातून येणारी रोपे मूळ झाडासारखी निघत नाहीत. बी सावलीत आठवडाभर सुकवून कागदी पाकिटात भरावे, त्यावर नाव, महिना आणि फुलाला वास किती वाजता सुरू झाला तेही लिहावे. माझ्या जुन्या पाकिटांवर गुलबक्षीसमोर 'साडेपाच' आणि स्टॉकसमोर 'सात' असे लिहिलेले आहे.